पल्याडच्या हौदाची चावी

चावीकाकूंच्या नाकावर माशी बसायची झाली तर तीही आधी विचारून बसेल, असं शेळीवाला म्हणायचा. अर्थात काकूंच्या कानावर जाणार नाही अशा बेताने. पाण्याशी गाठ होती ना!

चावी म्हणजे कपाटाची किंवा घराची नव्हे. हातभर लांब लोखंडी दांडा, खालचं टोक चौकोनी, वर आडवी मूठ आणि त्या मुठीत एक सैल कडी. खांद्याला चावी अडकवून काकू चालायला लागल्या की कडी दांड्यावर आपटून खण् खण् वाजायची. पाण्याचे व्हॉल्व्ह जमिनीत, लोखंडी झाकणाखाली होते आणि ते या एकाच चावीने फिरायचे. ज्याच्या हातात चावी, त्याच्या हातात सगळ्यांच्या जनावरांचं पाणी. असली वस्तू गोड माणसाच्या हातात देऊन चालत नाही. गोड माणसाच्या तोंडून कधी नाही निघत नाही, आणि मग दुपारीच टाकी कोरडी.

म्हणूनच ती काकूंकडे आली. चावी कुणी ठेवायची यावरून पंपघरात बैठक भरली होती. कुणाचाच कुणावर भरवसा नव्हता. सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसलेले. शेवटी शेळीवाला म्हणाला, "काकूंना द्या. नवऱ्यालासुद्धा चहाचा दुसरा कप देत नाहीत त्या." सगळे हसले. काकूंचे यजमान, ज्यांना सगळे नुसतं काका म्हणायचे, ते सगळ्यात जोरात हसले, कारण ते अगदी खरं होतं. काकू मात्र हसल्या नाहीत. त्यांनी हात पुढे केला.

"घेते. पण एक नियम करा. ज्या घरातल्या माणसाने ठरल्याबाहेर पाणी सोडलं, त्या घरात पुन्हा चावी जायची नाही."

"अहो, पण चावी तर तुमच्याच घरात असणार!"

"म्हणूनच म्हणतेय," काकू म्हणाल्या आणि चावी खांद्याला अडकवून बाहेर पडल्या.

कुरण सगळ्यांचं मिळून एकच होतं. इकडून तिकडे नजर पोचणार नाही एवढं मोठं. त्याला कुंपण घालायचं तर तारेपायी जनावरं विकायची वेळ आली असती. सकाळी गोठे सुटायचे आणि गुरं आपापली चरायला जायची. मागे माणूस लागत नसे. उतारावरच्या टाकीतून दोन नळ निघत. एक गोठ्यांजवळच्या हौदाला, दुसरा टेकाड ओलांडून पल्याडच्या हौदाला. जिथे पाणी असेल तिथेच आसपास जनावर चरतं, पाण्यापासून फार लांब जात नाही. त्यामुळे अल्याडचं गवत खुरटलं की काकू अल्याडचा हौद बंद करायच्या, पल्याडचा उघडायच्या. दोन-तीन दिवसांत अख्खा कळप टेकाडापलीकडे. ना काठी, ना आरडाओरडा. पाणी हेच कुंपण.

आणि कळप चालायचा तो मास्तरणीच्या मागून. मास्तरीण म्हणजे काकूंची गाय. म्हातारी, हाडं वर आलेली, एक शिंग खाली वळलेलं. काकू लग्न होऊन आल्या तेव्हा जी गाय त्यांच्याबरोबर आली होती, तिच्या वंशातली ही शेवटची. कळपाची घंटा तिच्या गळ्यात. ती पुढे निघाली की बाकीची गुरं शाळेतल्या पोरांसारखी मागून रांगेत. म्हणून मास्तरीण. घंटा आपल्या दारात आहे याचा काकूंना किती अभिमान होता ते त्यांनी कधी तोंडाने सांगितलं नाही, पण त्या घंटेच्या पट्ट्याला बाकी कशालाही लावणार नाहीत इतकं तेल लावून ठेवायच्या.

आता गोष्ट यंदाची. मागची दोन वर्षं पल्याडच्या गवतात बी धरायच्या आतच गुरं शिरली होती. सगळ्यांना घाई. याची व्यायला आलेली, त्याची दुभती, जो तो बैठकीत आपलं रडगाणं घेऊन येई आणि बहुमताने हौद लवकर उघडला जाई. काकू एकट्या नको म्हणत राहिल्या. व्हायचं तेच झालं. जुनं गवत संपत गेलं, नवं उगवायला बीच नाही, आणि मध्ये मध्ये उघडी माती दिसायला लागली. तिथे काटेरी झुडपं माजली. यंदा मात्र सगळ्यांचे डोळे उघडले आणि ठरलं, की पल्याडचं गवत निसवून, तुरे येऊन, बी पिकून, खाली झडेपर्यंत तो हौद बंद. झडलं बी तर कुरण वाचलं. नाही झडलं तर पुढच्या वर्षी तिथे चरायला दगड.

"आणि तसं झालं तर माझी गुरं मी विकणार," काकूंच्या थोरल्या जाऊबाईंनी बैठकीत ठणकावलं. गुरं सगळ्यात जास्त त्यांची होती, आणि तोंडाचा पट्टाही त्यांचाच. "मग बसा तुम्ही आपापला एकेक बोकड चारत!"

गवत चांगलं आलं. तुरे फुटले. आणि नेमक्या त्याच दिवसांत काकूंना चष्म्यासाठी शहरात जावं लागलं. चावी त्यांनी पंपघरातल्या खुंटीला लावली आणि काकांना बजावलं, "अल्याडचा उघडाच आहे. तुम्हाला काही करायचं नाही. कळलं? काहीही नाही." काही न करण्याचं काम तर काका आयुष्यभर मन लावून करत आले होते. त्यांनी मान डोलावली.

परत आल्यावर नवा चष्मा लावून काकू टेकाडावर चढल्या आणि जागच्या जागी थांबल्या. पल्याडचा बंद हौद, आणि त्याच्याभोवती निम्मा कळप. मध्ये मास्तरीण. सगळ्या जणी कोरड्या हौदाकडे तोंड करून उभ्या, काहीतरी मिळणार अशा खात्रीने. त्यांच्या पायाखाली गवताचे तुरे मातीत गेलेले. त्या खाली गेल्या, वाकल्या, हौदाच्या तळाला हात लावला. कोपऱ्यात ओल होती.

घरी येऊन त्यांनी पाय धुतले नाहीत की पाणी घेतलं नाही.

"अहो, पल्याडचा हौद कुणी उघडला?"

काका खाटेच्या पट्ट्या आवळत होते. ते आणखी जोरात आवळायला लागले. "कुठला?"

"आपल्याकडे हौद काय बाजारभर आहेत? पल्याडचा!"

"अगं, गुरं परतलीच नव्हती. बघायला गेलो. तर हिरव्या गवताला भुलून मास्तरीण तिथे जाऊन उभी. हंबरत होती. जीभ बाहेर. मला वाटलं, एकदाच, घोटभर..."

"नुसतं बघायला गेला होतात?"

"नुसतं बघायला."

"मग चावी कशाला नेलीत बरोबर?"

काकांच्या हातातली पट्टी सुटली. मग ते खाली मान घालून म्हणाले, "ती माझ्याकडे बघत होती गं."

"मीही इतकी वर्षं बघतेय तुमच्याकडे! माझ्यासाठी कधी काही उघडलंत? साधं बरणीचं झाकण तरी?" काकूंचा आवाज चढला आणि एकदम खाली आला. "अहो, अल्याडला पाणी होतं. चार पावलं जास्त चालून ती इकडे आली असती. आता काय झालं ते कळतंय का? इथे उभं राहिलं की पाणी येतं, हे तुम्ही तिला शिकवलंत. ती आता रोज जाणार. तिच्यामागे सगळ्या जाणार. बी धरतंय आत्ता, आत्ता! आणि तुम्ही..."

काकांचे डोळे भरून आले होते, आणि त्या माणसावर धड रागावताही येत नाही याचाच काकूंना जास्त राग आला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच बैठक बोलावली. पंपघरात पंपाची घरघर चालू, भिंतीला ऑइलचा वास, आणि माणसं पाइपांवर टेकून बसलेली. काकूंनी काही गुंडाळून ठेवलं नाही. माझ्या घरातून झालं, माझ्या माणसाने केलं, असं सरळ सांगून टाकलं. शेळीवाला "अरे बाप रे" म्हणाला आणि त्याने कपाळाला हात लावला. काका दाराबाहेर उभे होते. आत यायची त्यांची हिंमत झाली नाही.

जाऊबाईंनी हात पुढे केला. "नियम तुझाच आहे. आण चावी."

"देईन, जाऊबाई. ज्या दिवशी बी झडेल त्या दिवशी आपल्या हाताने देईन. आज देणार नाही."

"का गं? आता कसली मिजास?"

"मिजास नाही. कळप हौदावरून हलवायचं काम माझं आहे. माझ्या घराने घोळ घातलाय, तो दुसऱ्याच्या गळ्यात घालून मी मोकळी होऊ? ते जमायचं नाही. घोळ निस्तरते, मग चावी तुमची."

जाऊबाई एवढ्यात गप्प बसणाऱ्या नव्हत्या. "आणि निस्तरणार कसा? तुझी ती म्हातारी बांधून ठेवणार?"

"बांधली तर ती खाणार नाही. बसेल ती उठायची नाही." मग पिशवीतून काकूंनी घंटा काढून पंपाच्या ओट्यावर ठेवली. तेल लावलेल्या पट्ट्यासकट. "ही तुमच्या नखरीच्या गळ्यात बांधा. नखरी तरणी आहे, अल्याडच्या हौदाशिवाय तिला करमत नाही. कळप घंटेमागून जातो. जाऊ दे तिच्या मागून."

घंटा काकूंच्या दारातून निघून जाऊबाईंच्या दारात जाणार हे कुणाच्या स्वप्नातही आलं नसतं. खुद्द जाऊबाईंच्याही नाही. त्यांनी ती उचलली, वाजवून पाहिली, आणि पहिल्यांदाच त्यांना टोमणा सुचला नाही.

नखरीने पहिल्या दिवशी जो तमाशा केला, तो शेळीवाला अजून रंगवून सांगतो. गळ्यात काय वाजतंय ते तिला कळेना. ती पळाली, तर ते आणखी वाजलं. आणखी वाजलं म्हणून आणखी पळाली. अल्याडच्या हौदाला फेऱ्या मारून मारून तिला फेस आला. पण मग दमली, उभी राहिली, पाणी प्यायली. हळूहळू तिला घंटेचा आवाज आवडायलाही लागला. मान उगाच हलवून वाजवून बघायची. नावाप्रमाणेच होती ती. गुरं आधी बावचळली, मग एकेक करून तिच्या मागे जायला लागली. पल्याडचं गवत पुन्हा मान वर काढायला लागलं.

एकटी मास्तरीण ऐकेना. गळ्यात घंटा नाही, मागे कळप नाही, तरी सकाळी सुटली की टेकाड चढून पल्याडला. कोरड्या हौदापाशी जाऊन उभी. आणि उभी राहून हंबरायची. तिचा आवाज ऐकून कळपातल्या जुन्या गाई माना वर करायच्या. दोघी-चौघी तर निघायच्याच. पुन्हा तेच व्हायला वेळ लागणार नव्हता.

"मी एक बादली नेऊन पाजतो तिला," काका म्हणाले. "हौद नाही उघडत. बादली."

"बादली म्हणजे पाणीच ना? का बादलीत दुसरं काही येतं?" काकूंनी चावी खांद्याला अडकवली. "मी जाते."

"चावी कशाला मग?"

"तुमच्याजवळ ठेवून जाऊ?"

काकांनी बादली खाली ठेवली.

ऊन डोक्यावर आलं होतं. काकू टेकाड उतरल्या तेव्हा मास्तरणीने मान वळवली. कडीचा आवाज तिने लांबूनच ओळखला होता. ती चालत आली आणि काकूंच्या खांद्यावरच्या चावीला नाक लावलं. मग वळून व्हॉल्व्हच्या झाकणापाशी गेली, झाकणाला नाक लावलं, आणि काकूंकडे बघत उभी राहिली. उघड ना. हे काय, चावी आणलीस ना.

टेकाडावर शेळीवाला उभा होता, जाऊबाई होत्या, आणखी कोणकोण होतं. सगळ्यांना बघायचं होतं, स्वतःच्या गाईसाठी काकू उघडतात का. पण काकूंना त्यांचं भान नव्हतं. त्यांना फक्त ती सुकलेली जीभ दिसत होती. अर्धा फेरा चावी फिरवायची. कुणाचं काय जाणार होतं? काका बिचारे याच जागी उभे होते, हे त्यांना तेव्हा कळलं. नवऱ्याला आपण फारच बोललो असंही वाटलं.

काकू हौदाच्या काठावर बसल्या. पलीकडे गवत वाऱ्यावर हलत होतं, तुरे अजून हिरवट, बी कच्चं. काकूंनी एक तुरा चुरगाळून पाहिला. हाताला चिकटपणा लागला. अजून वेळ होता.

"नाही गं बाई," त्या मास्तरणीला म्हणाल्या. "नाही मिळायचं इथे. कितीही बघ."

मास्तरीण हंबरली. काकू उठल्या. आपण अजून थोडा वेळ बसलो तर हात झाकणाकडे जाईल, हे त्यांना पक्कं कळलं होतं. म्हणून त्या पाठ फिरवून टेकाडाकडे चालायला लागल्या. मागे बघायचं नाही असं ठरवून. कडी खण् खण् वाजत होती.

आणि मागून खुरांचा आवाज आला.

काकू थांबल्या, तर तोही थांबला. चालल्या, तर सुरू झाला. त्यांनी चालता चालता कडी हाताने धरून तिचा आवाज बंद केला. खुरं थांबली. सोडली, खुरं निघाली. अगं बाई! भर उन्हात काकू उभ्याच राहिल्या. म्हणजे इतकी वर्षं कळप घंटेमागून चालत होता, घंटा मास्तरणीच्या गळ्यात होती, आणि मास्तरीण चालत होती ती चावीच्या मागून. काकू ज्या दिवशी ज्या हौदाकडे चावी घेऊन निघायच्या, त्या दिवशी तीही निघायची. कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं. काकूंना हसू आणि रडू एकदमच आलं, आणि वर उभ्या असलेल्या मंडळींना वाटलं, ऊन लागलं बहुतेक.

त्या दिवसापासून रोज सकाळी काकू चावी खांद्याला लावून अल्याडच्या हौदापर्यंत चालत जायच्या, उघडायला काही नसतानाही. कडी वाजवत. म्हातारी मागून. गुडघे दुखायचे, नव्या चष्म्याने पायाखालची जमीन वर-खाली दिसायची, तरी एक दिवस चुकवला नाही. कळप नखरीच्या मागून जायचा, मास्तरीण काकूंच्या मागून, आणि पल्याडला गवत पिवळं होत गेलं.

मग एका सकाळी काकूंनी तुरा हातात धरला आणि तो नुसता धरल्यानेच रिकामा झाला. सगळं बी खाली. त्या चार ठिकाणी फिरल्या, कपड्यांना बी चिकटलं होतं तेही काढून मातीत टाकलं, आणि तिथूनच सरळ पंपघरात गेल्या.

"झडलं," त्या म्हणाल्या आणि चावी जाऊबाईंच्या पुढे धरली.

"असू दे गं," जाऊबाई म्हणाल्या. हे त्यांना किती जड गेलं असेल ते त्यांनाच माहीत. "तुझ्याजवळच राहू दे. झालं गेलं."

"काकू, ठेवा ना," शेळीवालाही म्हणाला. "नवऱ्याला दुसरा कप न देणारं माणूस आम्ही आता शोधायचं कुठे?"

"मी काय नियम लोकांसाठी केला होता?" काकूंनी जाऊबाईंचा हात ओढून त्यात चावी ठेवली. "धरा. जड आहे, उजव्या खांद्याला लावत जा."

जाऊबाईंनी चावी खांद्याला लावली आणि पल्याडचा हौद उघडायला सगळ्यांच्या पुढे निघाल्या. खण् खण्. दाराबाहेर मास्तरीण काकूंची वाट बघत उभी होती. काकूंनी तिच्या पाठीवर हात ठेवला. तिने एकदा त्यांचा हात हुंगला, मग कान उभे केले, आणि जाऊबाईंच्या मागून चालायला लागली.

काकूंचा हात तसाच हवेत राहिला. काका शेजारी येऊन उभे राहिले.

"अगं, ही माझ्या मागे का येतेय?" जाऊबाई लांबून ओरडल्या. "हिला बोलाव ना!"

काकूंनी डोळे पुसले. चष्मा नीट केला.

"येऊ दे तिला!" त्या ओरडून म्हणाल्या. "फक्त सावकाश चाला. टेकाडावर तिला धाप लागते."

आणि त्याही रिकाम्या खांद्याने मागून निघाल्या, कारण पल्याडचा व्हॉल्व्ह उलटा फिरतो हे जाऊबाईंना कुणीतरी सांगायला हवं होतं.